कुरूप तास

खांद्यावर हात पडला तेव्हा मी कॉफीत साखर ढवळत होते. मुख्याध्यापिका लिंडक्विस्टबाईंचा हात. हलका, उबदार, दुखवट्याला आलेल्या माणसाचा असतो तसा. "पाहुआ, कालच्याबद्दल फार वाईट वाटलं गं," त्या म्हणाल्या. "आपल्याच वडिलांनी, असं चारचौघांत... मी तुझ्या जागी असते तर रात्रभर डोळा लागला नसता." मी म्हटलं, मला मस्त झोप लागली. त्यांना तो माझा धीर वाटला. हात खांद्यावर आणखी थोडा वेळ राहिला. मला खरंच झोप लागली होती, आणि झोपायच्या आधी उशीत तोंड खुपसून मी पोरीसारखी हसलेही होते. माझ्या बापाने काल माझ्या कामाची सगळ्या गावासमोर इतकी तारीफ केली होती की माझे कान अजून गरम होते. आणि ही बाई सांत्वन करत होती. ढवळता ढवळता माझा चमचा थांबला. काल त्या खोलीत जे मी ऐकलं ते बाकी कुणीच ऐकलं नाही, हे मला तोवर सुचलंच नव्हतं. शिकवण्याचा धंदा करणाऱ्या बाईला एवढंही सुचू नये! "गुरुवारी समिती बसेल तेव्हा तुला काही दुरुस्ती मांडायची असेल तर मांड," बाई म्हणाल्या. "म्हणजे, त्यामागे काही सांस्कृतिक वगैरे असेल तर. नाहीतर ह्मोंग वडीलधाऱ्यांचा विरोध, असंच नोंदवलं जाणार. पाचही जणांचा." सांस्कृतिक वगैरे. त्यातल्या 'वगैरे'ने माझ्या अंगाचा तिळपापड झाला, पण कॉफी फुकट होती, म्हणून प्यायले.

आमच्या शाळेत तीन वर्षं प्रयोग म्हणून एक तास चालतो. कागदावर त्याचं नाव एथ्निक स्टडीज. मुलं त्याला 'आपला तास' म्हणतात, आणि तो मी घेते. कोणाचे आजोबा कुठून, कशाने हाकलले जाऊन, कोणाच्या द्राक्षांत नि बदामांत राबायला या फ्रेस्नोच्या खोऱ्यात आले, हे पाठ्यपुस्तकात एका परिच्छेदात उरकलेलं असतं. आम्हाला ते वर्षभर उरकत नाही. हा तास कायमचा करायचा की पुढल्या वर्षापासून बंद, हे गुरुवारी ठरणार होतं आणि सोमवारी पालकांचं म्हणणं ऐकायचं होतं. मी त्सीला बोलावलं नव्हतं. आम्ही ह्मोंग लोक बापाला त्सी म्हणतो. तो आपणहून आला, त्याच्या चार म्हाताऱ्या दोस्तांना गाडीत कोंबून, लग्नाचा कोट घालून, हातात टोपी. पाचही जण पहिल्या रांगेत. ह्मोंग दुभाषी त्या संध्याकाळी मिळाला नव्हता म्हणून टेबलावर फोन ठेवला होता आणि कुठल्यातरी दूरच्या शहरातल्या एका बाईचा आवाज त्यातून यायचा, इकडचं तिकडे करायचा. सुरुवात छान झाली. यारेत्सीची आई, ओचोआबाई, उभी राहिली आणि जी सुटली ती सुटलीच. अख्ख्या खोऱ्यात असा तास नाही, माझी पोरगी आता आजीशी बोलायला लागली, मिस थाओ म्हणजे सोनं आहे सोनं! लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग आणखी एक उठला, आणखी टाळ्या. मला वाटलं, जमलं. पण त्सीकडे बघितलं तर त्याने टोपी दोन्ही हातांत पिळून धरली होती, जसं काही तिच्यातून पाणीच काढायचंय. फोनमधली बाई एकेक स्तुती ह्मोंगमध्ये करून त्याच्या कानात ओतत होती आणि तो खुर्चीत बारीक होत चालला होता. शेवटी उठला.

तो समितीकडे बघून बोललाच नाही. छताकडे बघून बोलला. मोठ्याने, शेतात पलीकडच्या बांधावरच्या माणसाशी बोलतात तसं. "ही माझी पोरगी. हिचा तास कुरूप आहे! अगदी टाकाऊ. त्यात बघण्यासारखं काही नाही, कुणी तिकडे बघू नये. पोरं नुसती बसतात. असला तास कुणाला हवा? कुणालाच नको!" आणि चारही म्हातारे माना डोलवत, "खरंय, खरंय, भिकार तास, अगदी भिकार." फोनमधल्या बाईने ते शब्दाला शब्द लावून इंग्रजीत सांगितलं. ती चुकली नाही, तिची मी कशी तक्रार करू? तिला फक्त छताकडे लागलेली ती मान दिसत नव्हती. आणि ज्यांना दिसत होती त्यांना ती म्हाताऱ्याची अकड वाटली.

ती मान मी जन्मापासून ओळखते. माझ्याआधी एक मुलगा होता, लू. आमच्या डोंगरांतल्या युद्धातून पळून, नदी ओलांडून आलेल्या सगळ्या ह्मोंगांसारखे माझे आईबापही थायलंडच्या छावणीत राहत होते, बांबूच्या लांबच लांब चाळीत, आणि लू सात-आठ महिन्यांचा होता. आईने त्याला भरतकामाची टोपी शिवली होती. लाल गोंडे, कडेने पाकळ्या. वरून बघणाऱ्याला मूल दिसू नये, फूल वाटावं, म्हणून तसली टोपी घालतात. एक गोरी पाहुणी कॅमेरा घेऊन आली. तिने लूला उचललं, टोपी काढली आणि म्हणाली, किती सुंदर! बरोबरच्या माणसाने ते ह्मोंगमध्ये सांगितलं. त्सी तेव्हा विशीतला होता, हातपाय शाबूत घेऊन युद्धातून निघालेला, पहिला मुलगा झालेला. तो हसला आणि म्हणाला, "आहेच! डोळे माझ्यावर गेलेत." आईने टोपी हिसकावून पुन्हा मुलाच्या डोक्यावर दाबली म्हणे. चार दिवसांत ताप चढला, जुलाब लागले, आणि लू गेला. छावणीतलं पाणी तसलंच होतं. हे मी वर्गात शिकवते, पाणी, संडास, एकेका खोलीत दोन-दोन कुटुंबं, आणि पाण्याबद्दल त्सीनेही कधी वाद घातला नाही. पाणी वाईट होतंच, तो म्हणतो. पण पाण्याला लूचा पत्ता कोणी दिला?

त्यानंतर माझा बाप आपल्या कुठल्याही वस्तूला चांगलं म्हणाला नाही. मी जन्मले तेव्हा त्याने मला हातात घेऊन, सगळ्या चाळीला ऐकू जाईल अशा आवाजात, "अरेरे, हे तर माकडाचं पिल्लू! कोणी नेलं तरी परत आणून टाकेल," असं जाहीर केलं आणि मग तोंड भिंतीकडे करून हसला, असं आई सांगायची. आई होती तोवर तीच मला त्सीचं ह्मोंगमधून ह्मोंगमध्ये भाषांतर करून सांगायची. शाळेत पहिली आले तेव्हा तो म्हणाला, बाकीची पोरं आजारी असतील. कॉलेजच्या पदवीदानाला सगळ्यांचे बाप पोरांना मिठ्या मारत होते, गळ्यात फुलांचे हार घालत होते, आणि माझा बाप माझ्याभोवती एक चक्कर मारून म्हणाला, "एवढा लांब झगा, आणि आत काय? हाडं!" माझी मैत्रीण हादरली. मला मात्र त्या 'हाडं'मध्ये असं काही मिळालं होतं की मी दिवसभर तो झगा काढला नाही. लहानपणी राग यायचा, नाही असं नाही. टीव्हीतल्या बापांसारखा बाप हवा होता, 'माय गर्ल' म्हणणारा. पण कान घडतात हळूहळू. आणि मग इतके घडतात की दुसऱ्याचं गोड बोलणं पचेनासं होतं. माझा तेंग झाला तेव्हा दवाखान्यातली नर्स त्याला बघून म्हणाली, काय देखणा आहे! मी, दोन पदव्या घेतलेली, भूतखेत न मानणारी, टाके दुखत असताना कोपरावर उठून बसले आणि म्हणाले, "छे हो, नकटा आहे, बेडकासारखा." नर्सने त्या दिवशी माझ्या तब्येतीची दोनदा चौकशी केली.

म्हणजे दुरुस्ती मांडायची ती काय? उभं राहून सांगायचं की, सभ्य लोकहो, आमच्यात 'कुरूप' म्हणजे 'सुंदर' असतं? एक तर ते खरं नाही. कुरूप म्हणजे कुरूपच. आमच्यात कुरूप सून आली तर लोक नाक मुरडतातच. आणि दुसरं असं की, ते सांगणं म्हणजे त्सीने झाकलेली टोपी मीच काढून मूल वर धरणं. मी मानत नाही हो, मानत नाही. तरी मंगळवारी घरी जाताना प्रत्येक लाल दिव्याला मी ते वाक्य मनात जुळवून बघत होते आणि 'माझ्या वडिलांना खरं तर हा तास फार आवडतो' इथवर आलं की मी ते सोडून रेडिओ लावायचे. शिवाय मला त्याला तिथे मांडून ठेवायचं नव्हतं. बघा, हा म्हातारा, हा असं मानतो, का मानतो ते मी समजावते. सगळ्यांनी माना तिरक्या करून त्याच्याकडे कौतुकाने बघितलं असतं. वर्षभर मी मुलांना जे करू नका म्हणून सांगते तेच.

बुधवारी संध्याकाळी त्याच्याकडे गेले. अंगणात पाट्यांवर पाट्या, त्सी मोहरीच्या पाल्याच्या जुड्या बांधत होता, शनिवारच्या बाजारासाठी. मी खाली बसून बांधू लागले. "सैल बांधतेस," तो म्हणाला. "बाजारात जाईपर्यंत लग्नाच्या वरातीसारखी पांगेल." माझी जुडी सोडून त्याने पुन्हा बांधली. मग खाली बघूनच, "बंद केला का तो तुझा टाकाऊ तास?" मी म्हटलं, उद्या ठरेल. "हं," तो म्हणाला. "ती बाई काय वाटेल ते बोलत होती गं. अख्ख्या खोऱ्यात नाही म्हणे असा! एवढ्या मोठ्याने! वर टाळ्या. छपराला काय कान नाहीत?" त्याने दोऱ्याला आणखी एक गाठ मारली. "मी होतो म्हणून बरं. वेळेवर उठलो." मी पाल्यात तोंड घातलं. तो लूच्या वेळेला उठला नव्हता, हसला होता. यावेळी उठला होता. त्याच्या मते त्याने माझा तास वाचवला होता, आणि त्याच वाचवण्याने तो तास उद्या मरणार होता, आणि हे जर त्याला कळलं तर त्याच्या पदरात दुसऱ्यांदा तेच पडणार होतं. तास गेला असता तर मी रडून, चिडून, पुन्हा कुठेतरी उभा केला असता. पण ते त्याला कळता कामा नये. तेवढं एक मला हवं होतं, बाकी काय व्हायचं ते होवो.

त्याच दिवशी सकाळी वर्गात वेगळंच झालं होतं. मी आत शिरले तर सगळे गप्प, आणि आमच्या वर्गाचं गप्प असणं म्हणजे गावात काहीतरी जळतंय असं समजावं. यारेत्सी ओचोआने विचारलं, "मिस, तुमच्या वडिलांना आम्ही आवडत नाही का?" मी तोंड उघडलं, तेच वाक्य आठवलं, आणि खडू उचलला. तेवढ्यात मागच्या बाकावरून श्येंग ल्ही, आमच्या ह्मोंगांतलाच, ज्याने दोन महिन्यांत वर्गात जांभईशिवाय काही सोडलं नव्हतं, तो फिसकन हसला. "आवडत नाही? अगं, माझा आजा मला रोज कुत्रतोंड्या म्हणतो. मला सर्दी झाली तर तीन दिवस झोपत नाही तो." "मग कुत्रतोंड्या का म्हणतो?" "कुणी ऐकू नये म्हणून." "कुणी?" श्येंगने छताकडे बोट केलं आणि खांदे उडवले. मग यारेत्सी हळूच म्हणाली, "आमच्या मेक्सिकन लोकांत बाळाला गोड म्हटलं ना, तर त्याला हात लावावा लागतो. नुसतं म्हणून निघून गेलं तर आजी रस्त्यापर्यंत मागे धावते. 'अहो बाई, हात लावून जा!' म्हणून." सगळे हसले. गुरजोत ढिल्लन म्हणाला, हसू नका, माझी मम्मी अजून मॅचच्या दिवशी कानामागे काजळाचं बोट लावते, हेल्मेटच्या आत, कोणाला सांगितलंत तर याद राखा. त्याला सगळ्यांनी कान दाखवायला लावला. कोणीतरी विचारलं, म्हणजे सगळ्यांच्याच आज्या घाबरलेल्या का? आणि श्येंग, तोच जांभईवाला, म्हणाला, "ज्यांचं काही ना काही नेलंय कुणीतरी, त्यांच्या घाबरणारच ना." मी फळ्याजवळ खडू घेऊन उभी होते आणि मी काहीही शिकवलं नाही. मी शिकवत नव्हते आणि तास चालला होता, जोरात, माझ्याशिवाय. इतका अभिमान मला माझ्या पोटच्या पोराचाही वाटलेला नाही, आणि हे मी लिहितेय ते फक्त इथे, बारीक आवाजात. घंटा झाली. जाताना गुरजोत दारात वळून म्हणाला, "मिस, एकदम भंगार तास." त्याच्यामागून एकेक जण, बाहेर पडता पडता, "रद्दी", "याहून वाईट तास बघितला नाही", "शी, मिस, शी". यारेत्सीने जाताना माझ्या कोपराला हात लावला.

गुरुवारी सभागृहात बसायला जागा नव्हती. मुलं भिंतीला टेकून उभी होती. पहिल्या रांगेत पुन्हा तो कोट, ती टोपी, ते चौघे. मी त्याला फोनवर सांगितलं होतं, थंडी आहे, धुकं आहे, येऊ नकोस. तो म्हणाला होता, कुणी स्तुती करायला लागलं तर? टेबलावर तोच फोन, त्यात तीच बाई. समितीच्या अध्यक्षाने घसा साफ केला. "मिस थाओ, सोमवारी आपल्या वडिलांनी या तासाविषयी जे मत मांडलं, त्यात आपल्याला काही दुरुस्ती सुचवायची आहे का?" आणि फोनमधली बाई ते लगेच ह्मोंगमध्ये त्सीला सांगू लागली. त्याची मान माझ्याकडे वळली. दुरुस्ती? कसली दुरुस्ती? त्याच्या कपाळावर ते हळूहळू उमटत होतं. मला कळलं की आता मी इंग्रजीत जे बोलेन ते त्या टेबलापलीकडच्यांनी एका कानाने ऐकायचंय आणि त्सीने दुसऱ्या कानाने, आणि दोन्हीकडे ते खरं असायला हवं. लिंडक्विस्टबाई माझ्याकडे बघून धीराची मान हलवत होत्या. सगळ्या खोलीचा वास ओल्या कोटांचा येत होता, छावणीतही पावसात असाच येत असेल, असं उगाच मनात आलं. मी उठले.

"नाही," मी म्हटलं. "एक शब्दही बदलू नका. माझ्या बापाने या देशात आल्यापासून तीनच गोष्टींना कुरूप म्हटलं आहे. मला, माझ्या मुलाला आणि या तासाला. तुम्ही विचार करा, आणि काय ते ठरवा." आणि बसले.

फोनमधली बाई बोलता बोलता मध्येच थांबली, मग पुढचे शब्द तिने जरा हळू, जरा निराळ्या आवाजात सांगितले. मागे कुठेतरी ओचोआबाई हसल्या, आधी दबून, मग मोकळ्या, आणि "अगं बाई!" म्हणत कपाळावर हात मारून घेतला. समितीच्या टोकाला बसलेले केझिरियन म्हणून एक म्हातारे आर्मेनियन गृहस्थ होते, सोमवारी अख्खा वेळ पेंगत होते. त्यांनी खिशातून किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. जुडग्याला निळा काचेचा मणी होता, दृष्ट लागू नये म्हणून बांधतात तसला. "माझी आजी मला मरेपर्यंत गाढव म्हणायची," ते म्हणाले. "तिच्यानंतर तितक्या मायेने कोणी हाक मारली नाही. माझा हात वर आहे." मग बाजूच्या बाईंचा हात वर गेला. मग जरा थांबून आणखी एक. अध्यक्षाने मोजलं, आणि म्हणाला, तास राहील.

लोक टाळ्या वाजवायला उठले, आणि मी बघितलं तर त्सीही उठत होता, घाबरून, तोंड वर करून, आता काय काय बोलून हे सगळं झाकू असा. त्याला बोलावं लागलं नाही. भिंतीकडून आवाज आला, "शी!" श्येंगचा. मग गुरजोतचा, मग सगळ्यांचा. माझी सगळी पोरं, मेक्सिकन, ह्मोंग, पंजाबी, कोण कुठली, टाळ्यांच्या वरताण ओरडत होती, "भंगार तास! शी! रद्दी! कुणी बघू नका!" अध्यक्ष हातोडी आपटत होता. लिंडक्विस्टबाई तोंडावर हात धरून बसल्या होत्या. फोनमधली बाई पुन्हा पुन्हा विचारत होती, हॅलो, तिथे काय चाललंय, कुणाला काही झालंय का? तिला सांगायला कोणालाच सवड नव्हती. त्सी तसाच अर्धवट उभा राहिला, पोरांकडे बघत, आणि हळूच खाली बसला. माझा जीव भांड्यात पडला.

बाहेर धुकं उतरलं होतं, दिव्यांखाली गाड्या अर्ध्याच दिसत होत्या. चौघे म्हातारे गाडीत आधीच जाऊन गरम हवा लावून बसले होते. पोरं अजून दारात घोळक्याने उभी होती, एकमेकांना ढकलत, अजून शी-शी करत. त्सी गाडीच्या दारावर हात ठेवून थांबला. 

"कोणाची पोरं ती?" त्याने विचारलं.

"माझी," मी म्हटलं.

त्याने त्यांच्याकडे बघितलं. एकेकाकडे, सावकाश, बाजारात जुड्या बघतो तसं. मग टोपी डोक्यावर नीट दाबली, मान वर केली, आणि त्या धुक्यालाच सांगावं अशा खणखणीत आवाजात म्हणाला, "काय कुरूप पोरं आहेत!"